जुन्या सागवानाशी नवं लाकूड जुळवताना

शेडकार्डावर ‘टीक’ लिहिलेलं असतं आणि शेजारी मधाच्या रंगाचा एक चौकोन असतो. तोच डबा घरी आणून पाइनच्या फळीवर लावला तर फळी नारिंगी दिसते. नव्या सागवानावर तो तपकिरी उतरतो, रबरवुडवर फिकट. यात कंपनीने फसवलेलं नसतं. भिंतीचा रंग भिंत झाकून टाकतो. स्टेन लाकूड झाकत नाही, त्यातून खालचं लाकूड दिसत राहतं. त्यामुळे शेवटी जो रंग दिसतो तो लाकडाचा स्वतःचा रंग, घासणी, स्टेन, वरचं पॉलिश आणि खोलीतला उजेड या सगळ्यांनी मिळून ठरवलेला असतो. शेडकार्डाला यातलं फक्त स्टेनचं माहीत असतं.

आपल्याकडे घरोघरी येणारं काम बहुधा एकच असतं. आजोबांच्या वेळचं सागवानी कपाट आहे, त्याला लागून नवं बुकशेल्फ करायचंय, किंवा जुन्या जेवणाच्या टेबलाला दोन खुर्च्या नव्या करायच्यात, आणि नवं-जुनं वेगळं ओळखू येता कामा नये. तेच काम डोळ्यासमोर ठेवून पुढचं सगळं सांगतो. हौस म्हणून घरीच करणाऱ्याला ते उपयोगी पडेल, आणि पॉलिशवाल्याकडून करून घेणाऱ्यालाही, कारण त्याला नेमकं काय सांगायचं हे कळलं तर निम्मी कटकट वाचते.

सुरुवात नव्या लाकडापासून करू नका, जुन्या कपाटापासून करा. त्याचा खरा रंग बहुतेक वेळा कुणी पाहिलेलाच नसतो. मुठीभोवती हातांचा मळ असतो, वर धुराचा थर, कुणी कधीतरी लावलेलं मेण. मऊ फडक्यावर थोडं टर्पेंटाइन घेऊन एक दार हलक्या हाताने पुसून काढा. फडकं तपकिरी होईल आणि दार उजळेल. जुळवायचं ते या पुसलेल्या दाराशी. स्पिरिटने मात्र पुसू नका, कारण जुनं पॉलिश लाखेचं असेल तर ते स्पिरिटमध्ये विरघळतं. ही परीक्षा मुद्दाम करून पाहायची असेल तर कपाटाच्या मागे, कुणाला दिसणार नाही अशा जागी करा. कापसाच्या बोळ्यावर स्पिरिटचे दोन थेंब घेऊन थोडं घासलं आणि पृष्ठभाग चिकट होऊन बोळ्याला रंग लागला, तर ते लाखेचं पॉलिश आहे. काहीच झालं नाही तर नंतर कुणीतरी त्यावर मेलामाइन किंवा व्हार्निश चढवलेलं असणार. हे आत्ताच कळलेलं बरं, कारण नव्या वस्तूवर वरून काय लावायचं ते यावरच ठरतं.

कपाटाची खिडकीकडची बाजू आणि भिंतीकडची बाजू एका रंगाची नसते. नवी वस्तू ज्या बाजूला लागून उभी राहणार, ती बाजू धरा. आता एका पांढऱ्या कागदाला बोटाएवढं भोक पाडा, कागद लाकडावर ठेवा आणि भोकातून पाहा. आजूबाजूचं सगळं झाकलं गेलं की डोळ्याला रंग वेगळाच दिसायला लागतो. ‘चॉकलेटी आहे’ असं ज्याला म्हणत होतो ते प्रत्यक्षात बरंच नारिंगी निघतं. कागद सरकवत दोन रंग शोधा. एक सर्वांत फिकट, म्हणजे रेषांच्या मधल्या जागेचा, आणि दुसरा सर्वांत गडद, म्हणजे रेषांमध्ये आणि बारीक छिद्रांत बसलेला. जुन्या सागवानात या दोहोंमध्ये बरंच अंतर असतं आणि जुनेपणाची सगळी शोभा त्या अंतरातच असते. दोन्ही रंगांची सरासरी काढून एकच स्टेन लावला की वस्तू लॅमिनेटची वाटू लागते. म्हणून हे दोन रंग दोन वेगवेगळ्या थरांत आणायचे.

लाकूड तयार करताना

नुकतं रंधलेलं सागवान एकसारखं नसतं. त्यात हिरवट-करडे पट्टे दिसतात, कुठे पिवळं, कुठे काळपट. माहीत नसलेला माणूस घाबरतो आणि ते झाकायला गडद स्टेन मागतो. त्याची गरज नसते. उजेड आणि हवा लागली की हे पट्टे आपोआप निवतात आणि लाकूड सोनेरी तपकिरी होत जातं. शक्य असेल तर फळ्या घासून झाल्यावर काही दिवस गॅलरीत उजेडात ठेवा, अधूनमधून उलटत राहा, आणि मगच रंग जुळवायला घ्या. एक फळी दुसरीवर अर्धवट टेकवून ठेवू नका, झाकलेला भाग फिका राहतो आणि मधे स्पष्ट रेघ उमटते. ताज्या लाकडावर आज हुबेहूब जुळवलेला रंग काही महिन्यांनी जास्त गडद झालेला दिसेल, कारण स्टेनखालचं लाकूड बदलत राहतं. शिसव याच्या उलट वागतं. त्यातली जांभळी झाक उजेडाने कमी होते आणि ते तपकिरीकडे झुकतं. अक्रोडाचं लाकूड तर वर्षागणिक फिकं होतं.

घासणीचा रंगाशी किती संबंध आहे हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. रंगद्रव्याचे कण लाकडाच्या छिद्रांत आणि पॉलिशपेपरच्या ओरखड्यांत अडकून बसतात. ओरखडे जाड असतील तर कण जास्त अडकतात आणि रंग गडद येतो. १२० नंबरवर थांबलेली फळी आणि २२० पर्यंत नेलेली फळी एकाच डब्यातून रंगवली तरी वेगळ्या दिसतात. म्हणून सगळे भाग एकाच नंबरवर थांबवा. सागवानाला ८०, १२०, १८० अशा क्रमाने जाऊन १८० वर थांबलेलं मला पुरेसं वाटतं. त्यापुढे फार गुळगुळीत केलं तर स्टेन धरतच नाही. घासताना हात रेषेच्या दिशेनेच चालवा. आडवे ओरखडे कोरड्या लाकडावर दिसत नाहीत, स्टेन लागला की सगळे एकदम वर येतात. फळीचं आडवं कापलेलं टोक मात्र नळ्यांच्या तोंडासारखं उघडं असतं, ते भरपूर स्टेन पितं आणि काळं पडतं. तेवढं टोक ३२० पर्यंत घासून घ्या, किंवा स्टेनच्या आधी त्यावर अगदी पातळ लाखेचा एक हात द्या.

फेव्हिकॉल जिथे सांडला आणि पुसला, तिथे स्टेन चढत नाही. कोरड्या लाकडावर हा डाग दिसत नाही. त्यासाठी सगळी वस्तू एकदा स्पिरिटच्या फडक्याने पुसा. ओलं असताना फेव्हिकॉलची जागा फिकट दिसते, तिथे पेन्सिलने खूण करा आणि वाळल्यावर खरवडून काढा. या पुसण्याचा आणखी एक फायदा आहे. स्पिरिटने ओलं झालेलं लाकूड जसं दिसतं, साधारण तसंच ते नुसतं पॉलिश चढवल्यावर दिसणार असतं. कधीकधी एवढ्यानेच कळतं की स्टेनची फारशी गरजच नाही.

व्हिनियर असेल तर हात आवरा. ते अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास असतं, मशीन जरा जास्त दाबलं की खालचा प्लाय दिसतो आणि तिथे रंग कधीच जुळत नाही. खरेदी करताना सगळ्या शीट एकाच लॉटच्या आणि ओळीने नंबर असलेल्या घ्या. ‘रेकॉन’ नावाने मिळणारं व्हिनियर मुळात रंगवलेल्या लाकडाचं असतं, त्यावर थिनर किंवा स्पिरिट लागलं तर त्याचा स्वतःचा रंग सुटू शकतो. आधी कोपऱ्यावर पाहावं.

काय कशात मिसळायचं

बाजारात जे ‘स्टेन’ म्हणून मिळतं त्यात दोन वेगळ्या जाती आहेत. एकात रंगद्रव्याची बारीक पूड असते. ती तळाशी बसते, म्हणून डबा दर थोड्या वेळाने तळापासून ढवळावा लागतो. ती छिद्रांत बसून रेषा उठवून दाखवते आणि उजेडाला टिकते. दुसऱ्यात रंग पूर्ण विरघळलेला असतो, तो लाकडात खोल जातो, रेषा आणि मधली जागा दोन्ही रंगवतो, पण उन्हाला लवकर उडतो. पॉलिशवाले स्पिरिटमध्ये विरघळणारे जे पुडीतले रंग वापरतात ते या दुसऱ्या जातीतले. खिडकीलगतच्या वस्तूला मी निव्वळ असा विरघळणारा पुडीतला रंग लावणार नाही.

मिसळण्याचा नियम सोपा आहे. पाण्याचं पाण्यात, तेलाचं तेलात, स्पिरिटचं स्पिरिटात, आणि शक्यतो एकाच कंपनीचं. वेगवेगळ्या बैठकीचे दोन स्टेन एकत्र ओतले तर ते फाटतात, किंवा डब्यात ठीक वाटून लाकडावर डाग पाडतात. वेगळ्या जाती एकत्र वापरायच्याच असतील तर एकावर एक थर देऊन वापरा. तिथेही एक गोष्ट सांभाळावी लागते. वरचा थर खालच्याला विरघळवणारा नको. स्पिरिट स्टेनवर लाखेचं पॉलिश बोळ्याने घासलंत तर स्टेन उचलला जातो आणि पट्टे पडतात. पाण्याचा किंवा पूर्ण वाळलेला तेलाचा स्टेन लाखेखाली गप बसतो. पाण्याच्या स्टेनने लाकडाचे बारीक केस उभे राहतात, म्हणून आधी फळी साध्या पाण्याने ओलसर करून, वाळवून, २२० ने हलकेच फिरवून घ्यावी.

पेंटच्या दुकानात ज्या स्टेनरच्या बाटल्या मिळतात, त्यांनी तयार स्टेनला थोडं इकडेतिकडे वळवता येतं. पण त्या मुख्यतः भिंतीच्या रंगांसाठी असतात. चमचाभर स्टेनमध्ये दोन थेंब घालून तासभर ठेवा. गुठळी धरली नाही तरच पुढे जा.

आता प्रत्यक्ष रंगाकडे. सुतारकामातले जवळजवळ सगळे तपकिरी रंग म्हणजे मंद केलेला नारिंगी. कुठे पिवळा जास्त, कुठे लाल जास्त, कुठे काळसरपणा जास्त. एवढं डोक्यात बसलं की दुकानातली नावं घाबरवत नाहीत. ‘टीक’ पिवळट असतो, ‘महोगनी’ लालसर, ‘वॉलनट’ थंड तपकिरी, ‘रोजवुड’ लाल-काळा. नावापेक्षा डब्याचं टोपण पांढऱ्या कागदावर पुसून बघितलेलं बरं, कारण एका कंपनीचा वॉलनट दुसरीच्या वॉलनटशी जुळत नाही.

रंगद्रव्याची पूड घेऊन स्वतः रंग बनवणाऱ्याला चार रंगांत बहुतेक काम भागतं. पिवळेपणासाठी पिवडी, लालीसाठी गेरू किंवा बर्न्ट सिएना, उबदार गडदपणासाठी बर्न्ट अंबर आणि थंड, किंचित हिरवट गडदपणासाठी रॉ अंबर. काजळीचा काळा पाचवा, पण तो शेवटी आणि टोचणीच्या टोकाएवढाच. रंग गडद करायचा म्हणजे काळा घालायचा, ही सवय फार पसरलेली आहे आणि बहुतेक बिघडलेल्या कामांचं मूळ तिथेच असतं. पिवळ्यात काळा गेला की हिरवट शेवाळी झाक येते. सागवान तर मुळातच पिवळं, त्यामुळे काळा घातलेला टीक स्टेन त्यावर आजारी दिसतो. गडद हवं असेल तर अंबर वापरा.

चूक झाली तर ती समोरच्या रंगाने दुरुस्त होते. लाल आणि हिरवा, नारिंगी आणि निळा, पिवळा आणि जांभळा या जोड्या एकमेकांना मारतात. स्टेन फार लाल आला तर त्यात आणखी तपकिरी ओतत बसू नका, किंचित हिरवट रंग द्या. हिरवा हाताशी नसला तर रॉ अंबर तेच काम सौम्यपणे करतं. फार नारिंगी आला तर निळसर काळ्याचा थेंब. निस्तेज, राखाडी आला तर बर्न्ट सिएना त्यात जीव आणतं. मारणारा रंग नेहमी अपेक्षेपेक्षा कमी लागतो. एक थेंब, ढवळणं, तुकड्यावर लावून पाहणं, आणि मगच दुसरा थेंब.

रंगाची छटा आणि रंगाचा गडदपणा हे दोन वेगळे प्रश्न आहेत, ते एकदम सोडवायला जाऊ नका. आधी छटा जुळवा, गडदपणा नंतर. त्याच कंपनीचं थिनर घालून स्टेन पातळ केला तर छटा तीच राहते, खोली कमी होते. आणि एकच दिशा खुली असते हे लक्षात असू द्या. फिकट लावलेलं कधीही गडद करता येतं, गडद होऊन वाळलेलं फिकट करायला पुन्हा पॉलिशपेपरच हातात घ्यावा लागतो. म्हणून मी नेहमी हव्या त्यापेक्षा एक पायरी फिकट थांबायला सांगतो. ती उरलेली पायरी वरच्या थरांत भरून निघते.

पट्ट्या

सुताराला आधीच सांगून ठेवा की कापलेले तुकडे फेकू नको. रंगाची पट्टी, म्हणजे नमुन्याचा तुकडा, त्याच लाकडाचा, त्याच नंबरपर्यंत घासलेला हवा. प्लायच्या तुकड्यावर जुळवलेला रंग सागवानाच्या दारावर चालत नाही. फूटभर लांबीच्या तुकड्यावर मास्किंग टेपने चार-पाच कप्पे करा. पहिला कप्पा कोरा ठेवा. समजा टीक आणि वॉलनट मिसळायचे आहेत, तर पुढच्या कप्प्यांत चारास एक, दोनास एक, एकास एक असं लावा. जुनं कपाट ज्या दोन कप्प्यांच्या मधे बसतं असं वाटेल, त्यांच्या मधलं प्रमाण दुसऱ्या तुकड्यावर करा. अंदाजाने ओतत राहण्यापेक्षा हा रस्ता लवकर पोहोचवतो.

मापायला औषधाच्या दुकानातली सुई नसलेली १० मिलीची सिरिंज उत्तम. पुडीचे रंग असतील तर एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा. थेंब मोजायचे असतील तर सगळे एकाच ड्रॉपरने मोजा, कारण स्पिरिटचा थेंब पाण्याच्या थेंबापेक्षा लहान पडतो. प्रत्येक कप्प्याच्या मागे पेन्सिलने प्रमाण, किती वेळ ठेवून पुसलं आणि किती हात दिले ते लिहा. लक्षात राहील असं वाटतं, राहत नाही.

यानंतरच्या पायरीत बहुतेक लोक घाई करतात. ओला स्टेन गडद आणि चकचकीत दिसतो, वाळल्यावर तोच मातकट आणि निर्जीव दिसतो. दोन्ही रूपं खोटी. पट्टीवर वरचं पॉलिशही चढवा, जितके हात वस्तूवर देणार तितके, आणि मग जुन्या कपाटाला लावून बघा. लाखेच्या पॉलिशची स्वतःची पिवळट-नारिंगी झाक असते, ती तीन-चार हातांनंतर चांगलीच जाणवते. पाण्याचं पीयू (पॉलियुरेथेन) जवळपास रंगहीन, त्यामुळे तेच लाकूड त्याखाली थंड दिसतं. चकचकीत पॉलिश रंग खोल दाखवतं, मॅट तोच रंग थोडा धुरकट करतं.

बघायचं कुठे? जिथे वस्तू उभी राहणार तिथेच. वर्कशॉपच्या ट्यूबखाली जुळलेले दोन रंग घरच्या पिवळ्या दिव्याखाली वेगळे होतात. वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी बनलेले दोन तपकिरी एका उजेडात सारखे आणि दुसऱ्यात वेगळे दिसू शकतात. ३००० केल्विनचा पिवळट एलईडी आणि ६५०० केल्विनचा पांढरा एलईडी यांच्यात तर फारच फरक. सकाळी खिडकीच्या उजेडात एकदा आणि रात्री घरचे दिवे लावून एकदा पाहा. दोन्ही वेळा चालला तर तो रंग पक्का धरा. तुकडा दारासारखाच उभा धरा, टेबलावर आडवा ठेवून नको. तो उलटसुलट फिरवूनही बघा, कारण लाकडाचे तंतू एका दिशेने उजेड परत फेकतात आणि दुसऱ्या दिशेने गिळतात. एकाच फळीचे दोन भाग उलटे बसवले की रंग बिघडल्यासारखं वाटतं, तेव्हा दोष स्टेनचा नसून सुताराने फळ्या जोडताना दिशा न पाहिल्याचा असतो.

थर कसे चढवायचे

जुन्या लाखेच्या सागवानाशी जुळवताना मी पुढचा क्रम सुचवेन. पहिला थर जुन्या लाकडाच्या फिकट रंगाचा, म्हणजे पाण्याचा पातळ मधाळ पिवळा-नारिंगी. तो वाळला की पातळ लाखेचा एक हात. एक लिटर स्पिरिटला साधारण १२० ग्रॅम लाखपत्री पुरे, रात्रभर भिजत ठेवून सकाळी गाळून घ्यायची. स्टील किंवा काचेच्या भांड्यात करा, लोखंडाचा डबा नको, त्याने लाख काळी पडते. हा हात वाळल्यावर ३२० ने अगदी हलकं फिरवायचं.

आता दुसरा, गडद रंग. बर्न्ट अंबर आणि थोडा गेरू खडूच्या पावडरीत कालवून पॉलिशवाले लांबी करतात आणि ती गोल गोल घासून छिद्रांत भरतात. लगेच आडव्या हाताने, म्हणजे रेषेला काटकोनात, पुसून काढायची. पृष्ठभागावरची निघते, छिद्रांतली राहते. खाली लाखेचा थर असल्यामुळे लांबीचा रंग मधल्या जागेत शिरत नाही, आणि जुन्या कपाटातलं ते फिकट-गडद अंतर नेमकं तयार होतं. खडू पांढरा असल्यामुळे लांबी हव्या त्या रंगापेक्षा थोडी गडदच कालवावी, नाहीतर काही वर्षांत छिद्रं पांढुरकी दिसू लागतात. तयार तेलाचा गडद स्टेन लावून पुसून घेतला तरी जवळपास हाच परिणाम मिळतो आणि घरी काम करणाऱ्याला ते सोपं पडतं. फक्त तेलाचा स्टेन नीट वाळायला निदान एक दिवस द्या, सागवान मुळात तेलकट असल्यामुळे त्यावर आणखी वेळ लागू शकतो.

मग पुन्हा लाख, आणि इथे ती राखून ठेवलेली पायरी भरायची. वरच्या एक-दोन हातांत स्पिरिटमध्ये विरघळणाऱ्या पुडीतल्या रंगाची चिमूट घालून वस्तू हळूहळू जुन्याजवळ न्यायची. दर हातानंतर नवं शेल्फ कपाटाशेजारी उभं करून पाहायचं. जुळलं की रंग बंद, फक्त साधं पॉलिश. स्पर्धेचे गुण मिळवायचे नसतात. दोन पावलं मागे उभं राहिल्यावर नवं कुठलं ते शोधावं लागलं, तर थांबावं.

मोठ्या वस्तूसाठी लागणारा सगळा स्टेन एकदमच मिसळून ठेवा, थोडा जास्तच. मधेच संपला तर दुसरं मिश्रण पहिल्यासारखं होत नाही. आणि दोन डबे उघडावे लागले तर आधी दोन्ही एका मोठ्या भांड्यात एकत्र करा. एक भाग पूर्ण रंगवून, पुसून मगच दुसऱ्याकडे वळा. दाराच्या मधोमध थांबून चहाला जाऊ नका. पुसण्याची वेळ सगळीकडे सारखी ठेवा, दोन मिनिटं तर दोन मिनिटं.

पाइन आणि आंब्याचा प्रश्न वेगळा असतो. काही जागी हे लाकूड जास्त पितं, काही जागी कमी, आणि डाग पडतात. स्टेनच्या आधी वर सांगितलेल्या लाखेपेक्षाही पातळ, म्हणजे लिटरला साठेक ग्रॅमचा हात द्या, किंवा जेल स्टेन वापरा, जो वरवरच बसतो. पाइनला सागवान करण्याच्या हट्टात मात्र पडू नये. पाइनचा रंग जुळवता येतो, रेषा जुळवता येत नाहीत, आणि डोळा रेषा आधी पाहतो.

अगदी काळं, शिसवी दिसणारं लाकूड हवं असेल तर एक जुनी रीत अजूनही उत्तम चालते. स्टील वूल व्हिनेगरमध्ये काही दिवस बुडवून ठेवायचं, झाकण सैल ठेवून, आणि ते पाणी गाळून लाकडावर लावायचं. लाकडातल्या टॅनिनशी लोखंडाचा संयोग होतो आणि काही मिनिटांत रंग काळा होतो. बाभळीत टॅनिन भरपूर, तिथे हे लगेच दिसतं. पाइनसारख्या लाकडाला आधी हिरड्याचा काढा पाजावा लागतो. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात गोळा होणारा हिरडा काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. कलमकारीतला काळा रंगही हिरडा आणि लोखंड यांच्याच जोडीतून येतो. या रीतीत छटा ताब्यात ठेवणं कठीण असतं, त्यामुळे जुळवण्याच्या कामाला ती नको, स्वतंत्र वस्तूला वापरा.

मुंबईत आणि कोकणात जून ते सप्टेंबर हे काम शक्यतो काढू नये. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली ओल त्यावर धरते आणि पॉलिश पांढरं पडतं. काढावंच लागलं तर कोरड्या दुपारी, पातळ हात देऊन, आणि दोन हातांमध्ये नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवून करा. या दिवसांत घेतलेली पट्टी वाळायला लागणारा वेळही फसवा असतो, वस्तूवर तोच हिशेब धरू नका.

स्टेन फार गडद बसला तर तो ओला असतानाच त्याच्या थिनरच्या फडक्याने पुसा, बराच निघतो. वाळल्यावर पॉलिशपेपरशिवाय इलाज नाही, आणि व्हिनियरवर तोही फारसा नाही.

सुकी पूड कालवताना नाकाला मास्क आणि हातात मोजे हवेत. स्पिरिट आणि थिनर उघडं असताना त्या खोलीत गॅस, समई, उदबत्ती काहीही पेटतं नको, खिडक्या उघड्या हव्यात. सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते फडक्यांकडे. अळशीच्या तेलाचा किंवा तेलाच्या स्टेनचा बोळा चुरगळून कोपऱ्यात टाकला तर तेल वाळताना तयार होणारी उष्णता आत कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. अशी फडकी बाहेर एकेक पसरून वाळवा, किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवून ठेवा. उरलेला मिश्र स्टेन छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा, प्रमाण आणि तारीख लिहून चिकटवा आणि अंधारात ठेवा. रंगाची पट्टी शेल्फच्या मागच्या बाजूला स्क्रूने लावून टाका, कारण पुढच्या वर्षी त्याच घरात तिसरी वस्तू करायची निघते.